थरांची घडण आणि सांध्याचा भरवसा



लातूरचे जुने नाव लट्टलूर. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदांत स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. त्याच घराण्यातील पहिल्या कृष्णराजाने आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे कोरवून घेतले, असे मानले जाते. हे लेणे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तिथे दगडावर दगड ठेवलेला नाही. कारागिरांनी डोंगराच्या माथ्याला छिन्नी लावली आणि नको तो दगड काढीत काढीत ते खाली उतरले; उरले ते देऊळ. औसा तालुक्यातील खरोशाची लेणी आणि माहूरची पांडवलेणी याच रीतीची. उलट निलंग्याचे नीळकंठेश्वराचे देऊळ किंवा देगलूर तालुक्यातील होट्टलचे देवालय पाहा. तिथे घडीव दगड थरावर थर रचून वर चढवला आहे.

माणसाच्या हातून वस्तू घडते ती मुख्यतः या दोन वाटांनी. एक काढण्याची, दुसरी घालण्याची. आज मी आपल्याशी बोलणार आहे तो या दुसऱ्या वाटेचा एक अगदी नवा टप्पा आहे. टायटॅनियम नावाच्या धातूची भुकटी थराथराने वितळवायची आणि तिच्यातून विमानाचे सुटे भाग, किंवा माणसाच्या हाडाच्या जागी बसणारे भाग तयार करायचे, अशी विद्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांत उभी राहिली. वर्तमानपत्रे तिला 'थ्री-डी प्रिंटिंग' म्हणतात.

आपण म्हणाल, "प्राध्यापकमहाशय, विमानाचे भाग कुठे आणि आम्ही कुठे! आमचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो. तंबाखू आणि गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग होतो आणि मग जबड्याचे हाड काढावे लागते, हे आपल्याकडे गावोगावी लोकांना ठाऊक आहे. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेबरोबर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणू लागले तो रोग, महाराष्ट्रात पसरला. त्यात अनेकांचा वरचा जबडा गेला. अशा माणसाला पुन्हा घास चावता यावा, चार लोकांत तोंड वर करून बोलता यावे, म्हणून त्याच्या मापाने थराथराने केलेला टायटॅनियमचा भाग बसवण्याचा एक उपाय आज उपलब्ध आहे. जी वस्तू आपल्या माणसाच्या हाडाला जोडायची, तिच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? हा प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी तिचा इतिहास समजून घेतला पाहिजे.

धातुकामाच्या जुन्या रीती पाहायला लांब जावे लागत नाही. 'मुलुखमैदान' तोफेचे नाव आपण ऐकले असेल. मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या कारागिराने ती १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, कांशाच्या रसात ओतली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ साली विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन. ही ओताऱ्याची रीत. साचा करायचा, रस ओतायचा, थंड होऊ द्यायचे.

आता उदगीरहून थोडे पलीकडे, बिदरच्या किल्ल्यावर जा. तिथे लांबलचक लोखंडी तोफा आहेत. पण त्या ओतलेल्या नाहीत. त्या काळच्या भट्टीत कांशाचा रस होत असे, लोखंडाचा एवढा मोठा रस होत नसे. मग लोहाराने काय केले? लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींना लावून गोल नळी उभी केली आणि तिच्यावर तापवलेली लोखंडी कडी एकापुढे एक चढवली. कडे थंड झाले की आकसते आणि आतल्या पट्ट्यांना आवळून धरते. ही युक्ती आपल्याला नवीन नाही. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात ती याच रीतीने. तापलेली धाव लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. चाक असे आवळले जाते की दगडधोंड्यांच्या वाटेवरही आरे हलत नाहीत.

या दोन तोफांत एक धडा आहे, तो पुढे आपल्याला लागणार आहे. धातूचा रस करणे अवघड असले, की माणूस तुकड्यातुकड्यांनी वस्तू रचतो. मात्र रचलेल्या वस्तूचे सारे बळ सांध्यात असते. पट्टी कितीही चांगल्या लोखंडाची असो, सांध्यात फट राहिली तर दारूचा जोर ती फटच शोधून काढतो. आणि तोफ फुटली तर शत्रूच्या आधी गोलंदाज मरतो.

आता टायटॅनियमकडे येऊ. हा धातू पाहुणा असला तरी परका नाही. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात विल्यम ग्रेगर नावाच्या धर्मोपदेशकाला ओढ्याच्या काळ्या वाळूत एक अनोळखी द्रव्य सापडले. १७९५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट याने ग्रीक पुराणातील टायटन नावाच्या महाबलाढ्य देवपुत्रांवरून त्याला टायटॅनियम हे नाव दिले. तसलेच काळे कण आपल्याकडेही आहेत. मराठवाड्याचा बराचसा भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे, त्या दगडात शंभर भागांत साधारण दोन-तीन भाग टायटॅनियमचे ऑक्साइड असते. तो दगड झिजून आपली काळी जमीन झाली. शिक्षकांनी मुलांना घेऊन मांजरा किंवा तेरणेच्या पात्रात जावे आणि कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवावे. त्याला जे काळे कण चिकटतात, त्यांत लोखंडाबरोबर टायटॅनियमही असते. अर्थात ते इतके विखुरलेले आहे की खाण काढून परवडायचे नाही. परवडण्याजोगी काळी वाळू कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि केरळात आढळते. केरळात चवरा येथे २०११ साली वर्षाला ५०० टन टायटॅनियम करण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू झाला.

मग हा धातू सापडल्यापासून वापरात यायला दीडशेहून अधिक वर्षे का लागली? कारण त्याचा स्वभाव. थंड असताना तो शांत असतो, गंजत नाही, खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. एकदा तापला की मात्र हवेतला प्राणवायू आणि नायट्रोजन शोषून घेतो, आणि मग ठिसूळ होतो. त्याला मुशीत वितळवायला जावे, तर तो मुशीलाच खातो. १९१० साली अमेरिकेत मॅथ्यू हंटर याने पोलादी बंद पात्रात सोडियमच्या साहाय्याने प्रथम शुद्ध टायटॅनियम मिळवले. लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल याने १९३०च्या दशकात मॅग्नेशियम वापरण्याची रीत बसवली, आणि १९४८ साली अमेरिकेत तिच्या आधारे विक्रीसाठी उत्पादन सुरू झाले. या रीतीने जो धातू मिळतो तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो. मग तो निर्वात भट्टीत, पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या मुशीत, विजेच्या ठिणगीने वितळवावा लागतो. एवढी उठाठेव झाल्यावर धातू स्वस्त कसा राहील?

पण गुणही तसेच. पोलादाची घनता ७.८, टायटॅनियमची ४.५, म्हणजे वजनाने तो पोलादाच्या सहा दशांशापेक्षाही कमी. त्यात शंभरात सहा भाग ॲल्युमिनियम आणि चार भाग व्हॅनेडियम मिसळले की जो मिश्रधातू होतो, तो बळात चांगल्या पोलादाची बरोबरी करतो. हा मिश्रधातू १९५०च्या दशकात अमेरिकेत तयार झाला आणि विमानाच्या इंजिनांत शिरला. कारखान्यात त्याला 'सिक्स-फोर' एवढ्याच नावाने ओळखतात.

दुसरा गुण योगायोगाने कळला. १९५२च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाचे शास्त्रज्ञ सशाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी नळी त्यांना काम संपल्यावर निघेना. हाड तिला चिकटून वाढले होते. १९६५ साली त्यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवून त्यांवर दात उभे केले. शरीराने परका न मानलेला धातू, अशी टायटॅनियमची कीर्ती तेव्हापासून झाली.

अडचण उरली ती घडणीची. हा धातू लेथवर कातायला बसले, तर उष्णता लवकर वाहून जात नाही. ती हत्याराच्या टोकाशी साठते आणि टोक जळते. शिवाय विमानाचा एखादा नक्षीदार भाग ठोकळ्यातून काढायचा, म्हणजे कैलास कोरण्यासारखेच. काही भागांच्या बाबतीत दहा किलो धातू घेऊन एक किलोचा भाग निघे, आणि बाकी नऊ किलोचा कीस होई. वेरूळचा डोंगर राजाला फुकट होता. इथे प्रत्येक किलो मोजून विकत घेतलेला! काढण्याची वाट या धातूला परवडेना. म्हणून माणूस घालण्याच्या वाटेकडे वळला.

ही वाट धातूपासून सुरू झाली नाही, राळेपासून झाली. १९८१ साली जपानमधील नागोया येथे हिदेओ कोदामा यांनी, प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या राळेचे थर चढवून वस्तू करण्याची रीत मांडली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ साली अशाच रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९८६ साली मिळाले. त्याच सुमारास टेक्सास विद्यापीठातील कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने राळेऐवजी भुकटी घेतली आणि ती लेसर किरणाने जोडण्याची रीत काढली. मात्र या रीतीत भुकटीचे कण एकमेकांना नुसते डसत. धातूचा पुरा रस होत नसे. जर्मनीत आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांनी १९९६ साली धातूची भुकटी पूर्ण वितळवण्याच्या रीतीचे पेटंट मागितले. १९९७ साली स्वीडनमध्ये आर्काम ही कंपनी निघाली. तिने लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला. एक पिढी उलटण्याच्या आत राळेपासून टायटॅनियमपर्यंत मजल गेली.

हे यंत्र काम कसे करते? आधी वितळलेल्या टायटॅनियमची धार अरगॉन वायूच्या फवाऱ्याने फोडून बारीक गोल कण करतात. लेसरच्या यंत्राला लागणारा कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सरासरी सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. यंत्राच्या बंद पेटीत अरगॉन भरलेला असतो, कारण तापलेल्या टायटॅनियमला हवा लागता कामा नये. पाट्यावर भुकटीचा एक पातळ थर पसरतो. शेतात पेरणीपूर्वी फळी फिरवून माती सपाट करतात ना, तशीच एक पट्टी भुकटीवरून फिरते. मग लेसरचा ठिपका नकाशाबरहुकूम फिरतो. जिथे तो पडतो तिथे भुकटी वितळते आणि क्षणार्धात थिजते. पाटा थराइतका खाली सरकतो, नवी भुकटी पसरते, ठिपका पुन्हा फिरतो. असे हजारो थर. शेवटी न वितळलेली भुकटी झाडून काढली की आत घडलेला भाग सापडतो. २०११ साली नेदरलँड्समध्ये एका वृद्धेला अशा रीतीने केलेला खालचा जबडा बसवला, तेव्हा एक मिलिमीटर उंचीला ३३ थर असा त्याचा हिशेब होता.

भुकटीऐवजी तार वितळवूनही थर घालता येतात. मुंबईच्या आयआयटीत करुणाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी तारेचे वेल्डिंग करीत थर चढवायचे आणि मधूनमधून त्याच यंत्रावर ते तासून सपाट करायचे, अशी जोडरीत बसवली; तिच्यावरील त्यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. घालणे आणि काढणे या दोन्ही वाटा तिथे एका यंत्रात नांदतात. तारेच्या रीतीने केलेल्या टायटॅनियमच्या भागांना अमेरिकेच्या विमान खात्याने २०१७ साली बोइंगच्या प्रवासी विमानासाठी मान्यता दिली.

इथवर सगळे गोड वाटते. आता तो तोफेचा धडा आठवा.

आपल्या भागात विहीर खोदणाऱ्याला विचारा. तो सांगेल, आपला काळा दगड एकसंध नाही. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी लाव्हा रसाचे लोंढे एकावर एक पसरले आणि थिजले, त्यांचे हे थर आहेत. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, देगलूर-बिलोलीकडे, दगड वेगळा. पण लातूरच्या पठारावर हेच थर. एक लोंढा थंड पडल्यावर दुसरा त्याच्यावर आला, तिथे दोन थर एकजीव झाले नाहीत. मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा राहिला, कुठे वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे राहिली. विहिरीला पाणी लागते ते बहुधा अशा सांध्यापाशी आणि छिद्रांपाशी. अखंड पाषाणात सुरुंग लावून थकले तरी थेंब मिळत नाही.

जी फट शेतकऱ्याला पाणी देते, तीच टायटॅनियमच्या भागाचा घात करते. लेसरचा जोर कमी पडला किंवा ठिपका फार वेगाने गेला, तर वरचा थर खालच्यात मुरत नाही आणि थरांमध्ये चपटी पोकळी राहते. जोर जास्त झाला, तर रसात खळगा पडतो आणि बुडबुडा अडकतो. भाग बाहेरून चकचकीत दिसतो. पण विमानाच्या प्रत्येक उड्डाणात, किंवा जबड्याच्या प्रत्येक घासागणिक, त्या पोकळीच्या टोकाशी ताण येतो, आणि हजारो-लाखो वेळा ताण आला की तिथून तडा चालू लागतो. झटकन थिजल्यामुळे धातूत ओढाताणही राहते, आणि तो कठीण झाला तरी लवचीकपणाला कमी पडतो. भुकटी पुनःपुन्हा वापरली की तिच्यात प्राणवायू वाढत जातो. शरीरात बसवायच्या उत्तम प्रतीच्या मिश्रधातूत तो शंभरात ०.१३ भागांहून अधिक चालत नाही. आणि ही भुकटी पेट घेणारी आहे. तिच्या आगीवर पाणी मारणे म्हणजे आग वाढवणे.

म्हणून यंत्रातून निघालेला भाग हा अर्धाच झालेला भाग असतो. तो भट्टीत घालून त्यातली ओढाताण घालवावी लागते. मग पुष्कळदा त्याला अरगॉनच्या पेटीत सुमारे नऊशे अंश उष्णता आणि हवेच्या दाबाच्या जवळजवळ हजारपट दाब देतात. त्या आवळण्याने आतल्या पोकळ्या मिटतात. चाकावरची धाव आठवली ना? आवळून घट्ट करण्याचे तत्त्व तेच. इथे फक्त आवळणारा वायू आहे. मात्र जी फट पृष्ठभागापर्यंत उघडी आहे तिच्यात वायूच शिरतो, म्हणून ती मिटत नाही. त्यासाठी क्ष-किरणांनी आतून पाहणी करतात. शिवाय भागाच्या शेजारी, त्याच भुकटीत, त्याच वेळी काही दांडे घडवतात आणि ते ओढून तोडून पाहतात. घोसातला एक आंबा चाखून बाकीच्यांची परीक्षा करावी, तसा हा प्रकार. आधाराला घातलेले खुंट कापून काढायचे आणि आटे पाडायचे, तर लेथ आणि कानस लागतेच. कारागिराची गरज संपली नाही. त्याचे काम घाव घालण्याकडून पारख करण्याकडे सरकले आहे.

या विद्येचे आपल्या देशातील एक मोठे ठाणे कुठे असावे? हैदराबादेत. नांदेड आणि लातूर १९४८पर्यंत ज्या संस्थानात होते, त्याच्या राजधानीत. तिथे संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा आहे. १९७३ साली स्थापन झालेला मिश्र धातु निगम हा सरकारी कारखाना तिथे टायटॅनियम वितळवतो. २०२२ साली केंद्र सरकारने या विद्येचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षी हैदराबादेत तिचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे थराथराने घडवलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वी त्याला १४ भाग आणि १९ वेल्डिंगचे सांधे लागत. आता एकच भाग. पूर्वी ५६५ किलो धातू लागे, आता १३.७ किलो भुकटी. हे आकडे ऐकून सांधे संपले असे कोणी समजू नये. बाहेरचे १९ सांधे गेले आणि आत थराथरांचे हजारो सांधे आले. म्हणूनच ते इंजिन आधी जमिनीवर तापवून पाहावे लागले.

हाडाच्या कामी या रीतीचा आणखी एक फायदा आहे, तो सांगायला हवा. टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी ताठ. सारा भार धातूनेच पेलला तर शेजारचे हाड आळशी होऊन झिजते. थरांच्या घडणीत धातूला जाळीदार, मधाच्या पोळ्यासारखे करता येते. त्यामुळे ताठपणा उतरतो आणि जाळीच्या छिद्रांत हाड वाढते. ओतून किंवा कातून अशी जाळी करणे फार कठीण. युरोपात २००७पासून अशा सच्छिद्र पृष्ठभागाच्या खुब्याच्या वाट्या वापरात आल्या. अमेरिकेत त्यांना २०१० साली परवानगी मिळाली.

तेव्हा आपल्या घरातील कोणावर असा प्रसंग आला, तर काय करावे? डॉक्टरांशी हुज्जत घालू नये; पण गप्पही बसू नये. चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. हा भाग कोणी केला आणि धातू कोणत्या प्रतीचा आहे, याचा कागद मिळेल का? घडवल्यावर त्याची कोणती तपासणी झाली? आमच्या माणसाच्या पायातील बारीक हाड घेऊन जबडा करता येतो असे ऐकतो. याच्या बाबतीत ते बरे की हे बरे? आणि सरकारी आरोग्य योजनेत यातले काय बसते? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मिळालेला कागद शेताच्या सातबाऱ्यासारखा जपून ठेवावा, कारण दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला तोच उपयोगी पडेल. आणि ज्यांच्या तोंडात आज तंबाखूचा बार आहे, त्यांना एवढेच सांगतो, की निसर्गाने थराथराने वाढवलेल्या हाडाची बरोबरी करील असे यंत्र अजून झालेले नाही. आहे तो जबडा राखा.

शिक्षकबंधू-भगिनींना एक प्रयोग सुचवतो. तो मुलांच्या हाती न देता आपण स्वतः करावा. एका वाटीत मेण ओतून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग त्यावर कोमट, जेमतेम पातळ मेण ओतावे. दुसऱ्या वाटीत पहिला थर गरम असतानाच चांगले तापलेले मेण ओतावे. दोन्ही वड्या थंड झाल्यावर मुलांना मोडायला द्याव्यात. पहिली बहुधा सांध्यावर सुटेल, दुसरी आडवीतिडवी तुटेल. थरांच्या घडणीचे मर्म मुलांना त्या दोन तुकड्यांत दिसेल. मग त्यांना सांगावे, की नांदेडला १९८१पासून अभियांत्रिकीचे मोठे महाविद्यालय आहे, लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात २०२० साली पहिल्या डब्याचा सांगाडा उभा राहिला, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतात. या साऱ्या ठिकाणी शेवटी एकच गुण लागतो. सांधा तपासताना डोळ्यांत तेल घालून तपासायचे, आणि खोटा असेल तर वस्तू बाजूला काढायची, मग ती कितीही महाग असो.

बिदरच्या तोफेवर कडी चढवणाऱ्या लोहाराचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याच्याजवळ क्ष-किरण नव्हते. तो कड्यावर हातोडीचा हलका ठोका मारून नाद ऐकत असावा, असे आपण समजू या. आज ठोक्याच्या जागी किरण आले, लोखंडाच्या जागी टायटॅनियम आले, कड्याच्या जागी केसाहून पातळ थर आले. पण खोट्या सांध्याला खोटा म्हणण्याची जबाबदारी यंत्राने आपल्या अंगावर घेतलेली नाही. ती माणसाकडेच आहे, आणि आपल्या मुलांनी ती उचलावी, असे मला वाटते.